मिस्तरीला महागाई भत्ता कोण देणार?

जळगावच्या अजिंठा रस्त्यावर किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर सकाळी आठच्या सुमारास एखाद्या पेट्रोल पंपाशी थोडा वेळ उभे राहिले, तर खानदेशच्या अर्थकारणाचा एक धडा पुस्तक न उघडता वाचायला मिळतो. रांगेतल्या अनेक मोटारसायकलींवर माणसाबरोबर त्याचा धंदाही बसलेला असतो. कोणाच्या हँडलला पान्ह्यांची पिशवी अडकवलेली असते, कोणाच्या मागे तांब्याच्या तारेचे भेंडोळे असते, कोणी वेल्डिंगचे यंत्र दोरीने आवळून बांधलेले असते, तर कोणाच्या पिशवीतून थापी आणि ओळंबा डोकावत असतो. या रांगेत ‘लिटर’ हा शब्द फारसा ऐकू येत नाही. ‘शंभराचे टाका’, ‘दीडशेचे टाका’, एवढेच बोलणे होते.

या दोन शब्दांच्या बोलण्यात बरेच अर्थशास्त्र भरलेले आहे. जो माणूस टाकी भरून पेट्रोल घेतो, त्याला दरवाढ खिशात जाणवते. जो रुपयांच्या हिशेबाने घेतो, त्याला ती रस्त्यावर जाणवते. २०१६ सालाच्या आरंभी पेट्रोलचा भाव लिटरला सत्तर रुपयांच्या आत होता आणि शंभर रुपयांत जवळजवळ दीड लिटर पेट्रोल येत असे. २०२१ साली भावाने शंभरी ओलांडली. २०२२ मधील करकपातीनंतर आणि मार्च २०२४ मधील दोन रुपयांच्या कपातीनंतरही तो शंभरीच्या खाली उतरला नाही. त्याच शंभराच्या नोटेत आता पुरते एक लिटरही येईनासे झाले आहे. नोट तीच, गाडी तीच, हातातले कसबही तेच. कमी झाले आहे ते केवळ अंतर. आणि ज्याचा धंदाच अंतरावर अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने अंतर कमी होणे म्हणजे बाजारपेठ आकसणे होय.

खानदेशातल्या कारागिराला एवढे फिरावे का लागते, असा प्रश्न शहरातल्या वाचकास पडणे शक्य आहे. जुन्या गावगाड्यातील सुतार-लोहारांचे गिऱ्हाईक पायी जाण्याच्या अंतरावर होते आणि त्यांचा मोबदला सुगीच्या वेळी बलुत्याच्या रूपाने खळ्यावर मिळत असे. ती व्यवस्था जातीला जखडलेली आणि अनेक अर्थांनी अन्यायाची होती. तिच्यासाठी शोक करण्याचे कारण नाही. परंतु तिच्यात प्रवासखर्च नावाची बाब नव्हती, हे खरे. आजचा मिस्तरी सबमर्सिबल पंप दुरुस्त करतो, घरातली वीजजोडणी करतो, नळ बसवतो, शटर आणि ग्रिल जोडतो, फरशी घालतो. या कामांना एका गावात रोजचे गिऱ्हाईक पुरत नाही. त्यासाठी दहा-वीस गावे धरून ठेवावी लागतात. जळगावहून नशिराबाद जवळ; पण भुसावळला जायचे तर पंचवीस किलोमीटर, एरंडोलला तीसएक आणि जामनेर त्याहूनही दूर. धुळ्याहून साक्री किंवा शिरपूर गाठायचे म्हणजे पन्नासेक किलोमीटरची मजल. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बोअरमधली मोटार जळाली, तर तिची वायंडिंग दुकानात भरता येते. पण मोटार वर काढायला आणि पुन्हा खाली सोडायला मिस्तरीला बांधावर जावेच लागते. हे काम टपालाने होत नाही आणि दूरध्वनीवरूनही होत नाही.

आता साधा हिशेब मांडून पाहावा. समजा, असा एक मिस्तरी दिवसाला साठ किलोमीटर फिरतो आणि त्याची मोटारसायकल लिटरला पन्नास किलोमीटर जाते. त्याला रोज सव्वा लिटरच्या आसपास, नेमके बोलायचे तर १.२ लिटर, पेट्रोल लागते. सत्तर रुपये भावाने त्याचे ८४ रुपये होतात. १०५ रुपये भावाने १२६ रुपये. फरक रोजचा ४२ रुपयांचा. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर १,०५० रुपये आणि वर्षाचे १२,६०० रुपये. मोठ्या पगाराच्या माणसाला ही रक्कम किरकोळ वाटेल. परंतु तिचे खरे स्वरूप लहान कामात दिसते. बारा किलोमीटरवरच्या गावात गळका नळ दुरुस्त करायला जाऊन येण्यास सुमारे अर्धा लिटर, म्हणजे पन्नास रुपयांचे पेट्रोल जळते. त्या कामाचे दीडशे रुपये मिळणार असतील, तर पिशवीचे तोंड उघडण्यापूर्वीच एक तृतीयांश मजुरी रस्त्यावर सांडलेली असते. टायर, ऑइल आणि गाडीची झीज यांचा हिशेब तर अजून व्हायचाच आहे.

यावर कोणी म्हणेल की मिस्तरीने आपले दर वाढवावेत. अर्थशास्त्राच्या वर्गात कराघात आणि करभार यांतला फरक शिकवला जातो. कर प्रथम ज्याच्यावर पडतो तो त्याचा भार शेवटी वाहतोच असे नाही. त्याला तो पुढे ढकलता आला तर भार दुसऱ्यावर जातो. ढकलता येणे न येणे हे सौदाशक्तीवर ठरते. मिस्तरीची सौदाशक्ती मुळातच क्षीण आहे. त्याच्या व्यवसायात शिरायला परवाना लागत नाही, दरपत्रक नसते, संघटना नसते. त्याने पन्नास रुपये वाढवून सांगितले की गिऱ्हाईक दुसऱ्याला बोलावते आणि तो दुसराही कामाअभावी बसलेलाच असतो. शिवाय गिऱ्हाईक पैसे देते ते डोळ्यांसमोर झालेल्या कामाचे. दहा मिनिटांत वायसर बदलला गेला, तर दहा मिनिटांचेच मोल त्याच्या मनात भरते. त्या दहा मिनिटांमागचे चोवीस किलोमीटर त्याला दिसत नाहीत. पेट्रोलवरचा कर अशा रीतीने मिस्तरीपाशी येऊन थांबतो. त्याच्या पुढे ढकलायला कोणी उरलेले नसते.

इतरांची स्थिती याहून वेगळी आहे, आणि या विषयाचे मर्म त्या वेगळेपणात आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेला आहे. तो जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा सुधारला जातो, आणि राज्य कर्मचारी व शिक्षक यांनाही मागाहून त्याच दराने तो मिळतो. करोनाच्या काळात, जानेवारी २०२० ते जून २०२१ पर्यंत, तो गोठवला गेला तेव्हा केवढी नाराजी पसरली होती, हे वाचकांस आठवत असेल. एस. टी. महामंडळाने ऑक्टोबर २०२१ मध्ये भाडे सतरा टक्क्यांहून अधिक आणि जानेवारी २०२५ मध्ये जवळजवळ पंधरा टक्के वाढवले. त्या वाढीमागे डिझेल, सुटे भाग आणि वेतन यांचा खर्च मोजणारे सूत्र आहे. रिक्षा-टॅक्सीच्या भाड्यासाठी आधी हकीम समिती झाली, मग खटुआ समिती झाली. प्रत्यक्षात मीटर चालो वा न चालो, कागदावर तरी न्याय्य भाड्याचे एक गणित आहे. मालवाहतुकीच्या मोठ्या करारांत डिझेलच्या चढउतारानुसार दर बदलण्याची तरतूद करता येते. आणि जिथे सूत्र नसते तिथे संघटनेचे बळ असते. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत चालकांनी वाहने उभी केली, तेव्हा मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघेनात आणि गावोगावच्या पंपांवर रांगा लागल्या. त्या संपाचे कारण अपघातविषयक कायद्याचे कलम हे होते, इंधनाचा भाव नव्हे. तथापि दोन दिवसांत केंद्र सरकारला चर्चेस बसावे लागले, हे विसरता येत नाही.

मिस्तरीने काम बंद ठेवले तर काय होईल? त्याचीच चूल बंद पडेल. निर्देशांक, सूत्र, संघटना आणि संप यांपैकी एकही साधन त्याच्या पिशवीत नाही.

तेलाची महागाई ही काही नवी आपत्ती नाही. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध भडकले आणि तीन डॉलरच्या आसपास असलेले कच्च्या तेलाचे पिंप काही महिन्यांतच बारा डॉलरच्या घरात गेले. त्या वर्षी पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर दुसरा धक्का बसला. परंतु त्या काळी देशातले भाव सरकार ठरवीत असे. बाहेरची वाढ थेट पंपावर येत नसे; कोठे अनुदान, कोठे तूट असे करीत ती मुरवली जाई. ही नियंत्रित किंमतव्यवस्था २००२ साली औपचारिकपणे संपली. जून २०१० मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव मुक्त झाले. जून २०१७ पासून ते रोज बदलू लागले. भाव चढले तर चढतील, उतरले तर उतरतील, असे या मुक्ततेचे तत्त्व सांगितले गेले.

या तत्त्वाचा पूर्वार्ध पाळला गेला. उत्तरार्धाविषयी तसे म्हणता येत नाही. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात कच्चे तेल कोसळत असताना केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवले. एकूण वाढ पेट्रोलवर लिटरमागे ११.७७ रुपये आणि डिझेलवर १३.४७ रुपये झाली. एप्रिल २०२० मध्ये भारत घेत असलेल्या तेलाचे पिंप वीस डॉलरच्या आसपास आले, आणि मे महिन्यात पेट्रोलवर दहा व डिझेलवर तेरा रुपयांचे जादा शुल्क बसले. नोव्हेंबर २०२१ मध्ये आणि मे २०२२ मध्ये केंद्राने शुल्क कमी केले, जुलै २०२२ मध्ये राज्यानेही मूल्यवर्धित कर उतरवला, हे नमूद केले पाहिजे. परंतु एकूण चाल अशी की, स्वस्ताई आली तर ती तिजोरीची आणि महागाई आली तर ती गिऱ्हाइकाची. त्यातच राज्याचा कर मुख्यतः टक्केवारीने आकारला जातो आणि तोही केंद्राचे शुल्क मिळवून झालेल्या किमतीवर. म्हणजे करावर कर बसतो. जुलै २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा कर आला, पण पेट्रोल-डिझेल त्याच्या कक्षेबाहेर राहिले. कारखानदाराला कच्च्या मालावरच्या कराची वजावट मिळते. ज्याच्या धंद्याचा कच्चा माल पेट्रोल आहे त्याला ती मिळत नाही.

इथे मूळ दोष दिसतो. आपली करव्यवस्था पेट्रोलकडे उपभोगाची वस्तू म्हणून पाहते. मोटार बाळगणाऱ्याने थोडा जादा कर भरला तर बिघडले कोठे, ही त्यामागची धारणा. ती अगदीच चुकीची नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात करावे लागते. इंधन उधळू नये, हवा बिघडू नये, रस्त्यांना पैसा मिळावा, या गोष्टींना महत्त्व आहेच. परंतु सहलीला जाणाऱ्या गाडीतले पेट्रोल आणि पान्ह्यांची पिशवी वाहणाऱ्या गाडीतले पेट्रोल यांत फरक आहे. पहिले उपभोग आहे, दुसरे उत्पादनाचे साधन आहे. पहिल्याची मागणी भाव वाढल्यावर घटू शकते. दुसऱ्याची मागणी घटते ती काम सोडूनच.

मग अशा कष्टकऱ्यांना इंधन वेगळ्या, स्वस्त दराने द्यावे काय? खानदेशाने या प्रश्नाचे उत्तर फार जवळून पाहिलेले आहे. रेशनचे रॉकेल स्वस्त आणि डिझेल महाग, या तफावतीवर एकेकाळी भेसळीचा मोठा धंदा पोसला गेला. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ तेलभेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळले. एकाच मालाला दोन भाव ठेवले की मधल्या अंतरात काय उगवते, याचा याहून भीषण पुरावा नको. सौम्य पुरावा नवापूरला मिळतो. तिथले रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. पलीकडे कर कमी असल्याने इकडच्या गाड्या सीमा ओलांडून टाक्या भरत आल्या आहेत. मोठ्या टाकीच्या ट्रकला ही सोय साधते. शंभराचे पेट्रोल टाकणारा धुळ्याचा मिस्तरी त्यासाठी नवापूरला जाऊ शकत नाही. दुहेरी भावाचा लाभ नेहमी ज्याच्याकडे भांडे मोठे त्यालाच होतो.

सरकारची वाट न पाहता मिस्तरी आपल्यापरीने मार्ग काढीत आहेत. एका रस्त्यावरची कामे साठवून एकाच दिवशी उरकली जातात. बाजारच्या दिवशी मोठ्या गावात बसून आसपासच्या खेड्यांची कामे तिथेच घेतली जातात. दोघे कारागीर एका गाडीवर जातात. एक वीजजोडणी पाहतो, दुसरा नळ पाहतो. बिघाडाचे चित्र आधी मोबाइलवर मागवून लागणारा सुटा भाग बरोबर नेला जातो, म्हणजे दुसरी फेरी वाचते. काहींनी विजेवर चालणारी दुचाकी घेण्याचा विचार चालवला आहे. पण तिची किंमत एकदम मोजावी लागते, आणि ओझे घेऊन दिवसभर खेडोपाडी फिरताना बॅटरी पुरेल की नाही ही धाकधूक असते. या साऱ्या युक्त्या शहाणपणाच्या आहेत. परंतु कामे साठवायची म्हणजे कोणाला तरी थांबवायचे. मे महिन्यात, पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकलेला असताना, केळीच्या बागेवरची मोटार जळालेल्या शेतकऱ्याला ‘गुरुवारी त्या बाजूला येणार आहे’ असे उत्तर मिळाले, तर त्या चार दिवसांचे मोल पेट्रोलच्या पावतीवर उमटत नाही. ते बागेत उमटते. लहान काम, दूरचे गाव आणि गरीब घर ही तिन्ही जिथे एकत्र येतात, तिथे मिस्तरी हळूहळू जाईनासा होतो. इंधनाच्या महागाईचा हा शेवटचा हप्ता असा सर्वांत दुर्बळ माणसाकडून वसूल होतो.

उपाय दोन ठिकाणी शोधावा लागेल. पहिला सरकारकडे. केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यात अठरा पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना हत्यारांसाठी पंधरा हजार रुपये आणि सवलतीच्या व्याजाने कर्ज मिळते. योजना चांगली आहे. पण नळकारागीर, वीजकारागीर, मोटार भरणारा असे नवे कारागीर त्या अठरांत नाहीत, आणि हत्यार कामापर्यंत नेण्याच्या खर्चाचा विचार तिच्यात नाही. या नव्या बलुतेदारांना तिच्यात स्थान द्यावे आणि विजेवरच्या दुचाकीला हत्यार मानून तिच्यासाठी कर्ज द्यावे, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. इंधनावरील कराबाबतही निदान एवढा नियम असावा की, कच्चे तेल उतरेल तेव्हा त्या उताराचा ठरावीक वाटा ग्राहकाला मिळालाच पाहिजे.

दुसरा उपाय गिऱ्हाइकाकडे आहे, आणि तो अधिक लवकर होण्यासारखा आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत वाळू-खडीच्या किमतीबरोबर ती किती किलोमीटरवरून आणली याचा आकार वेगळा धरतात; ठेकेदारांच्या भाषेत त्याला ‘लीड’ म्हणतात. सरकारी नोकर दौऱ्यावर गेला तर त्याला प्रवास भत्ता मिळतो. अंतराला किंमत असते हे तत्त्व अशा रीतीने शासनाला मान्य आहे. मग मिस्तरीच्या बिलात ‘येण्याजाण्याचा आकार’ ही वेगळी ओळ का नसावी? गावातल्या कामाला काही नाही, त्यापुढे किलोमीटरमागे अमुक, असे त्याने आधीच सांगावे आणि भाव बदलला की ती ओळ बदलावी. मजुरीची घासाघीस मग मजुरीपुरतीच राहील. कारागिरांनी तालुक्याच्या ठिकाणी एकत्र बसून असा दर ठरवला, तर एकाला डावलून दुसऱ्याला बोलावण्याची सोयही उरणार नाही. एका फेरीचा आकार दोन-तीन घरांत वाटून घेतला, तर दूरच्या खेड्यातील गरिबालाही तो झेपेल.

ही ओळ मान्य करण्याची जबाबदारी सर्वांत आधी नोकरदारांवर येते. शिक्षक, कारकून, बँकेतला कर्मचारी यांना ठरावीक काळाने महागाई मोजून मिळते. ती पुरेशी असते असे नाही, पण ती मागण्याचा हक्क त्यांनी संघटनेच्या बळावर मिळवला आहे. ज्या महिन्यात भत्त्याची थकबाकी हाती पडते त्याच महिन्यात दारात आलेल्या मिस्तरीशी वीस रुपयांवरून हुज्जत घालायची, यात विसंगती आहे. स्वतःसाठी जे न्याय्य मानले ते दुसऱ्यासाठी जुलूम ठरवता येत नाही. कच्च्या तेलाचा भाव जळगाव-धुळ्याच्या हातात नाही, कराचा दरही नाही. दारात आलेल्या माणसाला तो किती लांबून आला हे विचारणे, आणि त्याप्रमाणे मोजणे, एवढे मात्र नक्कीच हातात आहे.